आम्ही लोकल बघायला गेलो

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या बचत गटातर्फे आज आम्ही तुमच्याशी बोलतोय. आम्ही आठ जणी दोन दिवस शहराकडे जाऊन काय काय बघून आलो, ते सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? पण खरं सांगा, आपण बायका गावाबाहेर कधी पडतो? लग्न असलं तर, कुणी दवाखान्यात असलं तर, नाहीतर मयताला. नुसतं बघायला म्हणून कोण जातं? आम्हीसुद्धा कधी गेलो नव्हतो.

या वेळी निमित्त झालं आमच्यातल्या एका वहिनीच्या लेकीचं. दहावीनंतर तिला मुरबाडला हवा तो ट्रेड मिळाला नाही, पण अंबरनाथच्या आयटीआयत नंबर लागला. मावशी विठ्ठलवाडीला राहते, म्हणजे राहायची सोय होती. विठ्ठलवाडीहून अंबरनाथला लोकलनं जायचं, मध्ये एकच स्टेशन, उल्हासनगर. पण पोरीची आजी म्हणाली, "लोकलला माणसं लोंबकळतात. एकट्या पोरीला मी पाठवायची नाही." वहिनीला सासूबाईंना उत्तर देता येईना, कारण ती स्वतःच कधी लोकलमध्ये बसली नव्हती. प्रवेश घ्यायला चारच दिवस उरले होते. गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि ठरलं, आपण सगळ्या जाऊन डोळ्यांनी बघू. आजींनाही नेऊ.

एसटीनं कल्याणला गेलो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. आजींनी कंडक्टरला आधार कार्ड दोनदा दाखवलं. एकदा त्यानं मागितलं म्हणून आणि एकदा न मागताच!

कल्याणला मावशी घ्यायला आली होती. तिनं पहिल्यांदा एक गोष्ट समजावली. मुंबईहून येणारी रेल्वे कल्याणला दोन वाटांनी फुटते. एक वाट विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जतला जाते. दुसरी शहाड, आंबिवली, टिटवाळा करत कसाऱ्याला. विठ्ठलवाडीला जायचं तर टिटवाळा किंवा कसारा गाडीत बसायचं नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं आम्हाला मुद्दाम गर्दीच्या वेळी विठ्ठलवाडी स्टेशनवर नेलं. म्हणाली, "खरं ते बघा, मग ठरवा." मुंबईकडे जाणारी गाडी आली. खोटं कशाला सांगू, आमच्या पोटात गोळा आला. दारात माणसं, दाराबाहेर माणसं. आजींनी आमच्याकडे असं बघितलं की, सांगितलं होतं ना!

पण मग मावशीनं पलीकडचा फलाट दाखवला. सकाळची गर्दी जाते मुंबईकडे. पोरीला जायचंय उलट दिशेला, अंबरनाथकडे. तिकडची गाडी आली तर त्यात बसायला जागा होती. ही एवढीशी गोष्ट, पण गावात बसून आम्हाला कधी कळली नसती. मावशीनं पोरीला नियम सांगितला, "दारात उभं राहायचं नाही. गर्दी वाटली तर गाडी सोडायची. दुसरी येते, जीव दुसरा येत नाही."

बायकांच्या डब्यात बसलो. पाच रुपयांत अंबरनाथ. आयटीआयचं फाटक बघितलं, स्टेशनपासूनचा रस्ता बघितला. मग तिथलं जुनं शिवमंदिर बघितलं. सन १०६० चं, शिलाहार राजांच्या काळातलं. दगडातल्या बायांचे दागिने बघताना आमच्यातल्या दोघी तर मागेच राहिल्या.

मावशीला कामावर जायचं होतं. आम्ही म्हटलं, आता धीर आलाय, ठाण्यापर्यंत जाऊन येतो. दुपारच्या गाडीत काय काय बघितलं म्हणून सांगू! एक बाई पुठ्ठ्यावर कानातली आणि पिना लावून विकायला आली. गाडी हलत होती, पण तिचा तोल जात नव्हता. एक जण पिशवीत मेथी निवडत होती. म्हणजे घरी पोचली की नुसती फोडणी द्यायची. तिघींच्या बाकावर चौथी येऊन टेकली, तर कुणी काही बोललं नाही, नुसत्या सरकल्या. याला चौथी सीट म्हणतात. आणि कुणी आत आलं की पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" आम्हाला वाटलं, किती आपुलकीनं चौकशी करतात! मग कळलं, आपण उठलो की ती जागा त्यांना हवी असते. तरी त्यातल्या एकीनं आजींना खिडकी दिली.

आजींनी विचारलं, "ही गाडी चालवतं तरी कोण?" समोरची बाई म्हणाली, "बायकासुद्धा चालवतात, आजी." साताऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या सुरेखा यादव देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी चालवत आणली. आजी बराच वेळ गप्प होत्या.

ठाण्याला तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली, होड्या बघितल्या. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली, ती इथेच ठाण्याला आली. आजी म्हणाल्या, "तेव्हा बसणारेसुद्धा भ्यालेच असतील."

गर्दी व्हायच्या आत, चारच्या सुमाराला परत निघालो. आणि इथे गंमत झाली. गाडी आली, आजी चढल्या, म्हणून आम्ही सगळ्या चढलो. कल्याण गेलं. पिशव्या सावरून विठ्ठलवाडीला उतरायला उभ्या राहिलो, तर डब्यात आवाज आला, "पुढील स्टेशन, शहाड." ती टिटवाळा लोकल होती! काल मावशीपुढे डोलावलेल्या आठही माना खाली गेल्या.

मग आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. एक म्हणे साखळी ओढा, एक म्हणे मावशीला फोन करा, एक तर रडायलाच आली. तेव्हा ती पोरगी म्हणाली, "काही करायचं नाही. शहाडला सगळ्या उतरायचं आणि एका जागी थांबायचं." उतरलो. तिनं मोजून घेतलं, सगळ्या होतो. तिकीट खिडकीवर गेली, चुकून पुढे आलो असं सांगितलं आणि विठ्ठलवाडीची नवी तिकिटं काढली. कुठल्या फलाटावर जायचं ते एकाला विचारलं, मग खात्रीसाठी दुसऱ्यालाही विचारलं.

तेवढ्यात एका बाईनं सांगितलं, जवळच बिर्ला मंदिर आहे, आत विठ्ठल आहे. आजींनी हात जोडले. विठ्ठलवाडी चुकली, पण विठ्ठलाच्या दारात आलो! मग दर्शन घेतल्याशिवाय कोण परततं? रिक्षानं जाऊन आलो. कल्याणला गाडी बदलताना पोरीनं फलाटावरची पाटी वाचली आणि बदलापूर गाडीत आम्हाला बसवलं. अंधार पडता पडता विठ्ठलवाडीला पोचलो.

रात्री जेवताना आम्हाला वाटत होतं, आता आजी नाहीच म्हणणार. गाडी चुकली, आणखी काय हवं? आजींनी ताटावरून मान वर केली आणि सुनेला म्हणाल्या, "चुकल्यावर ती रडली नाही. विचारत विचारत आपल्याला घेऊन आली. जाऊ दे तिला."

तिनं प्रवेश घेतला. रोज जाते.

मैत्रिणींनो, या दोन दिवसांतून आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगतो. स्टेशनांची नावं क्रमानं कागदावर लिहून जवळ ठेवा. वाट विचाराल तर दोघांना विचारा. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, ते आधी ठरवा. रेल्वेत अडचण आली तर १३९ नंबर लावा.

आणि एक. आपण लेकींना नको म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो रस्ता आपण स्वतः बघितलेला नसतो. आधी बघून या. नंतर नाही म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या गटानं ठरवलंय, दर तीन महिन्यांनी कधीच न गेलेल्या बायांना कुठेतरी घेऊन जायचं. काम नसलं तरी. पुढच्या खेपेला कुठे जायचं, ते आजी ठरवणार आहेत. त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, खिडकी माझी!