आमचा तिसरा संघ

भारताचा क्रिकेटचा सामना असला की आपला संघ कोणता, हे कोणी विचारत नाही. पण देशातल्या देशात रणजी करंडकाचे सामने सुरू झाले की आमची पंचाईत होते. कारण आपल्या एका राज्याचे संघ तीन. मुंबई-ठाण्याकडचा मुलूख मुंबईचा, नागपूर-अमरावतीकडचे अकरा जिल्हे विदर्भाचे, आणि पुणे, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, खानदेश, मराठवाडा असा उरलेला प्रदेश महाराष्ट्र नावाच्या संघाचा. मी सातारा जिल्ह्यातला. तेव्हा माझा संघ हा तिसरा. नाव सगळ्यांत मोठं आणि करंडक सगळ्यांत कमी!

मुंबईने २०२४ साली ४२व्यांदा करंडक नेला. विदर्भ एके काळी कोणाच्या खिजगणतीत नव्हता. त्यानेही २०१८, २०१९ आणि २०२५ मध्ये बाजी मारली. आमचे विजय दोन, १९३९-४० आणि १९४०-४१ या हंगामांतले. दोन्ही वेळचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. ते संस्कृतचे प्राध्यापक होते, हे शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम ध्यानात घ्यावं. दुसऱ्या विजयाच्या वेळी ते पन्नाशीला टेकले होते, आणि त्याच हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. मी चाळिशीतला; लागोपाठ दोन तास उभ्यानं शिकवलं तर माझे पाय धरतात!

त्यानंतर आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचतो, पण करंडकापर्यंत नाही. १९७१ ची गोष्ट वडील सांगत. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. मागे राहिलेल्या मुंबईचे कर्णधार सुधीर नाईक. आता नाही जिंकायचं तर कधी, असं आमच्याकडे ज्याला त्याला वाटत होतं. ४८ धावांनी हरलो. वडील तो आकडा असा सांगत, की जणू सावकाराच्या वहीतली बाकीच.

१९९३ साली मी शाळेत होतो. अंतिम सामना पंजाबशी, लुधियानाला. वर्तमानपत्र आमच्या गावी दुपारच्या एस.टी.नं यायचं. मी शाळेतून परस्पर स्टँडवर गेलो, गठ्ठा सुटायच्या आत अंक मिळवला आणि तिथंच उभ्यानं वाचला. घरी नेताना त्याची घडी उलटी घातली. वडिलांना निदान चहा होईपर्यंत दिसू नये म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "कितीनं?" मी म्हटलं, "एकशेवीस."

पुढे २०१४ साली आम्ही उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईला तिच्याच वानखेडे मैदानावर आठ गडी राखून हरवलं. त्या दिवशी वडील हवे होते. केदार जाधवनं त्या हंगामात १२२३ धावा केल्या. अंतिम सामना हैदराबादला झाला; कर्नाटकानं सात गडी राखून जिंकला. २०२२ साली, विजय हजारे करंडकात, ऋतुराज गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारले. (एक चेंडू नोबॉल होता, म्हणून सात.) अंतिम सामन्यातही त्याचं शतक झालं, आणि सामना सौराष्ट्रानं जिंकला.

आमचं हे थोडक्यात राहून जाणं जुनंच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला होता. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. धावांच्या त्या राशीला कंटाळलेल्या काठेवाडच्या कर्णधारांनी पुढं खेळायलाच नकार दिला आणि संघ घरी निघाला! एवढा मोठा फलंदाज, पण कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

मग तुम्ही विचाराल, इतकं असून या संघाच्या मागे का लागायचं? मला त्याचं नीटसं उत्तर देता येत नाही. एकदा मुलीला घेऊन गहुंज्याच्या मैदानावर गेलो होतो. एवढं प्रचंड स्टेडियम, आणि प्रेक्षक एका एस.टी.त मावतील इतके. आधी वाईट वाटलं. पण त्या शांततेत खेळपट्टीवरून आवाज ऐकू आला, "थांब, थांब... आता पळ!" मुलगी चमकून म्हणाली, "बाबा, हे मराठीत खेळतायत!" त्यानंतर दिवसभर तिनं उठायचं नाव काढलं नाही.

आमच्या कॉलेजातला एक डावखुरा मुलगा यंदा जिल्ह्याच्या संघात आला आहे. पहाटे बापाबरोबर दुधाचा रतीब घालतो, मग सरावाला जातो. चेंडू चांगला वळवतो. फलंदाजीत मात्र घाई करतो. त्याला मी ते दोनदा सांगितलं आहे. येत्या शनिवारी त्यांचा सामना सांगलीशी आहे. मी रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे.