दुखणे मुरते कशाने?



वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर गोण्या वाहणारे माथाडी कामगार आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी 1969 साली महाराष्ट्रात कायदा झाला. गोणी 50 किलोहून जड नसावी, ही त्यांची मागणी रास्तच आहे. परंतु सारखेच ओझे वाहणाऱ्या दोघांची कंबर धरली, तर एकाची महिन्याभरात सुटते आणि दुसऱ्याचे दुखणे वर्षानुवर्षे मुरते. असे का व्हावे?

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यास वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. इजा भरून आली तरी मज्जासंस्था धोक्याची घंटा वाजवीतच राहते. म्हणून एक्स-रेमध्ये काही दिसले नाही की 'ढोंग आहे' म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या घरांतील स्त्रियांना हे फार ऐकावे लागते. वास्तविक असे दुखणे स्त्रियांमध्येच अधिक आढळते.

जड काम, वाढलेले वजन, पूर्वीचे दुखणे ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. अपुरी झोप, कर्जाची किंवा मुलीच्या लग्नाची सततची काळजी, उदासपणा, विडी-सिगारेट यांनीही दुखणे मुरण्याचा धोका वाढतो, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यात भीतीची भर पडते. 'हललो तर मणका सरकेल' म्हणून माणूस आठवडेच्या आठवडे पडून राहतो आणि स्नायू आणखी दुबळे होतात. खुर्चीवर बसून नमाज अदा करण्याची सवलत आहे, ती जरूर घ्यावी; पण उरलेला दिवसही खुर्चीतच का काढावा? झेपेल तेवढे चालावे, रोज थोडे वाढवावे.

बाप अंथरुणास खिळला की थोरल्या मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी होते. शिक्षक या नात्याने मला हीच धास्ती अधिक वाटते.

विद्यार्थ्यांनो, दप्तर तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असा शासनाचा 2015 चा आदेश आहे. तो पाळावाच, पण मध्यरात्रीपर्यंत मोबाईल पाहून झोप गमावणाऱ्याने एकट्या दप्तराला दोष देऊ नये.

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नका. त्याने जठर व मूत्रपिंडास अपाय होतो. रमजानमध्ये औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि पायांतील शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाठदुखीबरोबर ताप येऊन वजन घटू लागले, तर मालिशवाल्याकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.