मुक्कामाचं गाव

हल्ली आपल्याकडच्या खेड्यांतली मुलं-मुलीही नोकरीसाठी परदेशी असतात आणि आईला एकदा तरी बोलावून घेतात. माझी लेक जर्मनीत असते. मागच्या उन्हाळ्यात तिनं मला आठ दिवस स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात नेलं. तिथं मी एक गोष्ट शिकले. काय काय बघायचं हे आपण आधी ठरवतो आणि राहायचं कुठं हे मागाहून. खरं तर आधी मुक्काम ठरवावा.

लेकीनं पहिल्या दोन रात्री म्यूरेन गावात खोली घेतली होती. गाव डोंगरकड्यावर, समोर बर्फाची शिखरं, रस्त्यावर मोटारी नाहीत. फोटो बघून कुणीही भुलेल. पण तिथं जायचं तर खाली लाउटरब्रुनेनला रेल्वेतून उतरायचं, रोपवेनं वर चढायचं आणि मग पुन्हा छोटी रेल्वे धरायची. कुठंही जायचं म्हटलं की हीच चढ-उतर. माझे गुडघे कुरकुरायला लागले. दुसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं, "बाळा, उद्या तू एकटीच जा. मी बसते खोलीत." तिचा चेहरा एवढासा झाला.

तिसऱ्या दिवशी आम्ही खाली इंटरलाकेनला मुक्काम हलवला. थुन आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधलं हे सपाट गाव. आपलं तालुक्याचं गाव असतं ना, तसं. शेजारची खेडी कितीही सुंदर असली, तरी चारही दिशांच्या एसट्या तालुक्याच्या स्टँडवरूनच सुटतात. इथल्या पूर्वेच्या स्टेशनावरून लाउटरब्रुनेन 20 मिनिटांवर, ग्रिंडेलवाल्ड साधारण 35 मिनिटांवर. ब्रिएन्झच्या तळ्यातली बोट स्टेशनाच्या मागूनच सुटते. मुक्कामी पाहुण्यांना एक कार्ड मिळतं, त्यावर गावातली बस फुकट. बॅग एकदा उघडली ती निघेपर्यंत पुन्हा भरावी लागली नाही. खोलीत शेगडी होती. बाहेरचं जेवण तिथं फार महाग, म्हणून आम्ही सकाळी भात-पिठलं करून डबा घेऊनच निघायचो.

एक दिवस ब्रिएन्झहून बसनं बालेनबर्गला गेलो. देशभरातली शंभरावर जुनी घरं मूळ जागेवरून सोडवून तिथं पुन्हा उभी केली आहेत. 1978 पासून लोक ती बघायला येतात. घरातल्या जुन्या चुली, गोठे बघताना मला माझ्या आजीचं घर आठवलं.

पुढच्या दिवशी लेकीला ताप आला. ग्रिंडेलवाल्ड बघायचं राहिलं होतं. ती म्हणाली, "आई, तू जाऊन ये." मला इंग्रजी बोलता येत नाही, नुसती अक्षरं लावता येतात. शिवाय त्या गाडीत एक मेख आहे. वाटेत त्स्वायल्युचिनेन स्टेशनात तिचे दोन भाग होतात. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. चुकीच्या डब्यात बसलं तर भलत्याच खोऱ्यात पोचायचं. पण म्यूरेनहून येताना लेकीनं हे मला दाखवून ठेवलं होतं. डब्यावरचं नाव मी कागदावरच्या नावाशी अक्षर अन् अक्षर जुळवलं आणि चढले.

ग्रिंडेलवाल्डला 3,967 मीटर उंचीचा आयगर डोंगर अगदी समोर उभा. उतारावर माणसं गवत कापून वाळवत होती. बाकावर बसून मी डबा खाल्ला आणि दुपारच्या गाडीनं परत आले. स्टेशन ओळखीचं, रस्ता सपाट, त्यामुळे कुणाला विचारावंही लागलं नाही. वयाच्या साठीत, परक्या मुलखात, एकटी जाऊन आले. दार उघडताना लेक हसली, तेव्हा माझेच डोळे भरून आले.

म्यूरेन गाव वाईट नाही बरं का. दोन दिवस निवांत बसायचं असेल तर त्यासारखं दुसरं नाही. पण रोज निघायचं आणि रात्री परतायचं असेल, तर जागा घेण्याआधी मुलांना एवढं विचारा. स्टेशन घरापासून चालत किती? वाटेत चढ किंवा जिने आहेत का? तिथून किती दिशांना गाड्या जातात? परतीची शेवटची गाडी किती वाजता? खोलीत शेगडी आहे का? तिकडे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी-दूध आणून ठेवा.

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारा. या गावातून मी एकटी बाहेर पडून परत येऊ शकेन का? उत्तर हो असेल, तर तेच तुमचं मुक्कामाचं गाव.