जुन्या लाँचचं अस्तर
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, बोटीच्या भिंतींवर बोलता येईल. ते हसले. पण पणजीचा पावसाळा ज्यांच्या भिंतींतून आत येतो, त्यांना हा विषय परका वाटू नये. मी सरकारी नोकर, मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. बोटी बांधणं हा माझा धंदा नव्हे. चुकत चुकत जे कळलं तेवढंच सांगतो.

माझ्या सासऱ्यांकडे एक जुनी केबिन क्रूझर आहे. आपण तिला लाँचच म्हणतो. फायबरची, २६ फुटी, १९७०च्या दशकातली. पुढे झोपायला दोन बाकं, एक छोटा ओटा. पावसाळाभर ती मांडवीकाठच्या एका यार्डात ताडपत्रीखाली असते. सासऱ्यांना दमा आहे. केबिनमध्ये पाच मिनिटं बसले की त्यांना धाप लागायची, कारण आत बुरशीचा वास कोंडलेला. डॉक्टरांनी तिथं जाणंच बंद केलं. मग घरात विकायची बोलणी सुरू झाली. ते कुणाला काही म्हणाले नाहीत, पण चावी उशाखाली ठेवू लागले. हे माझ्या बायकोनं मला सांगितलं, आणि मी कामाला लागलो.

अशा बोटींत भिंतीला आणि छताला आतून फोमचं रेक्झिन चिकटवलेलं असतं. फायबरचा खडबडीतपणा झाकतो, पाय-डोकं आपटलं तर लागत नाही, उकाडाही थोडा कमी होतो. पण तो जुना फोम दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की कुजतो. रेक्झिन ओढलं तर मागून बेसनासारखी पिवळी-तपकिरी भुकटी पडते, आणि काही ठिकाणी चिकट चिखल. वरचं रेक्झिन चांगलं दिसतं म्हणून फसू नका.

मी फसलो. चवथीच्या सुट्टीत, भर पावसात, जुनं रेक्झिन फाडलं, तुकडे कचऱ्यात टाकले, वरवर खरवडलं आणि नवं चिकटवलं. छान दिसलं. शिगम्यापर्यंत छत झोळीसारखं लोंबायला लागलं.

कारणं नंतर कळली. चिकट सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून ते हाताला चिकटेनासं झालं की जोडायचं असतं. दमट हवेत त्यातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर दव धरतं. आपण दवावर रेक्झिन चिकटवतो. शिवाय मार्च-एप्रिलच्या उन्हात डेक तापतो आणि साधं सोल्युशन मऊ पडतं. त्याला उष्णता सोसणारं लागतं. आणि तुकडे फेकले ही वेगळीच मूर्खता. बोटीत एकही भिंत सरळ नसते. जुने तुकडे हेच माप. मार्करनं आकडे घालून ते शेवटपर्यंत जपायचे.

त्याहून वाईट गोष्ट त्याच वेळी घडली, ती सांगायला लाज वाटते. माझा भाचा आत, तोंडाला साधा कापडी मास्क, आणि मी वरून डबा देतोय. थोड्या वेळानं त्याचं बोलणं बरळल्यासारखं यायला लागलं. ओढून बाहेर काढला. तासाभरात बरा झाला, पण माझी बहीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं. त्या सोल्युशनची वाफ हवेपेक्षा जड असते. बोटीच्या तळाशी साचते, आणि तिथंच बॅटरी असते. एक ठिणगी पुरे. त्यानंतर आम्ही बॅटरी बोटीतून उतरवली, बाहेरची ताजी हवा आत ढकलणारा पंखा लावला, कार्ट्रिजवाले मास्क आणले, आणि आत एकट्यानं बसायचं नाही हा नियम केला.

दुसऱ्यांदा दिवाळीनंतर सुरुवात केली आणि अस्तराला हातच लावला नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधलं. केबिनमध्ये छताच्या कडेनं टाल्कम पावडर मारायची. बाहेरून नळी सोडायची, खालून वर, एकेक जागा दहा-दहा मिनिटं. एकदम वरून पाणी सोडलं तर काहीच समजत नाही. पावडरवर ओघळ उठला की चोर सापडला. आमचे चोर म्हणजे रेलिंगच्या खांबांचे बोल्ट. त्यांच्याभोवती डेकमधलं लाकूड कुजलं होतं. भोकं मोठी केली, कुजलेलं काढलं, घट्ट इपॉक्सी भरलं आणि त्यातून नव्यानं भोक पाडलं. आता सीलंट कधी सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही.

मग वाट पाहिली. प्लायवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आत थेंब दिसले तर अजून ओल आहे. घरच्या भिंतीलाही रंग लावण्याआधी हे करून बघा. आमच्याकडे तीन आठवडे थेंब येत होते. भाचा कंटाळला, मीही कंटाळलो.

आणि या वेळी भिंतीला काही चिकटवलंच नाही. फायबरवर इपॉक्सीनं उभ्या पट्ट्या बसवल्या. चार मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या फळ्या कापल्या, कडा इपॉक्सीनं बंद केल्या, आणि रेक्झिन त्या फळ्यांवर गुंडाळलं, यार्डाच्या शेडमध्ये, मोकळ्या हवेत. मागे योगाच्या मॅटमध्ये असतो तसा पाणी न पिणारा फोम. फळ्या स्टेनलेस स्क्रूनं पट्ट्यांवर. वर-खाली अर्धा इंच फट ठेवली, हवा खेळायला. ५४ इंच पन्ह्यात आमचं छत दोन तुकड्यांत बसलं. मधला सांधा दिसतो. दिसू दे.

सासूबाईंना रंग आवडला नाही. त्यांच्या मते दवाखान्यासारखा दिसतो.

गेल्या डिसेंबरात, डॉक्टरांना विचारून, सासरे एक रात्र बोटीत झोपले. मी समोरच्या बाकावर जागाच होतो, त्यांचा श्वास ऐकत. पहाटे उठले आणि म्हणाले, "जावईबापू, पेचकस द्या." स्वतः चार स्क्रू काढले, फळी खाली घेतली, आत हात घालून फायबरवर बोटं फिरवली, नाकाशी नेऊन वास घेतला. फळी परत लावली. मग चहा मागितला.