नक्षीवरून गाव ओळखावं

जुन्या चांदीची एक किटली समोर आहे असं समजा. घाट अस्सल विलायती, कारण एकोणिसाव्या शतकात अशी भांडी मुख्यतः साहेबाच्या टेबलासाठी घडत. पण अंगावरची नक्षी इथली, आणि ती आपला गाव सांगते.

पानाफुलांच्या घनदाट वेली, मध्येच धावणारं हरीण नाहीतर झेपावणारा वाघ, आणि मोकळी राहिलेली जागा बारीक ठिपक्यांनी भरलेली दिसली की समजावं, हे कच्छचं काम. भुजचे उमरशी मावजी हे यातले नामवंत कारागीर. त्यांच्या भांड्यांच्या बुडाशी 'ओ. एम.' ही इंग्रजी अक्षरं उमटवलेली असत.

हे काम होतं कसं? भांड्यात तापवून पातळ केलेली राळ ओतायची. ती गार होऊन घट्ट झाली की बाहेरून लहान छिन्न्या आणि हातोडी घेऊन नक्षी ठोकत न्यायची. राळ घाव झेलते, त्यामुळे पत्रा फाटत नाही, हवा तेवढाच दबतो. नक्षीला आणखी उठाव हवा असेल तर राळ काढून पत्रा आतून ठोकायचा, पुन्हा भरायची, पुन्हा बाहेरून रेखायचं. मधूनमधून भांडं तापवावंही लागतं, कारण ठोकून ठोकून चांदी कडक होते. हरणाच्या डोळ्याएवढ्या जागेत किती घाव बसले असतील!

मद्रासच्या भांड्यांवर देवदेवतांच्या रांगा असतात. त्या घडणीला 'स्वामी' म्हणत, आणि पी. ऑर अँड सन्स ही तिथली गाजलेली पेढी. आपल्या पुण्याच्या भांड्यांवरही देवच, चांगले उठून आलेले. काश्मिरी कारागीर शालीवरची बुट्टी आणि चिनाराची पानं चांदीवर उतरवतो. कटकची तारकशी मात्र सर्वस्वी निराळी. तिथं पत्रा ठोकत नाहीत, केसासारख्या तारा वळून डाक देतात.

हे सगळं सांगतो आहे ते एका तळमळीपोटी. अशी भांडी आजही वजनावर मोडीत जातात. सोनाराच्या काट्यावर चांदी तेवढी मोजली जाते, हात मोजला जात नाही. घरात असं एखादं भांडं असेल तर मोडीत घालण्याआधी भिंग घेऊन त्याचं बूड पाहा. आणि रांगोळीनं घासू नका. खोलगट भागातला काळेपणा गेला की नक्षीचा उठावही मावळतो.