किनाऱ्यावरची मोरी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सरकारी अधिकारी बोलावयास उभा राहिला की श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात. म्हणून प्रशासनाचा विषय टाळून मी आज एका माशाविषयी बोलणार आहे.

१९९८ साली माझी चेन्नईस बदली झाली आणि त्याच वर्षी आमच्या घरी कन्यारत्न आले. माझी आई मालवणला अंथरुणास खिळलेली; सासूबाई हयात नव्हत्या. पत्नीला दूध पुरेना. डॉक्टर धीर देत. पण बाळंतिणीपाशी बसणारे वडीलधारे माणूस घरात नव्हते. कचेरीतील माझा एक तमिळ मित्र मच्छीमार घरातला. तो म्हणाला, “सर, त्यांना पाल-सुरा द्या.” पाल म्हणजे दूध, सुरा म्हणजे आपली मोरी. माझी आजीही बाळंतिणीला मोरीच देत असे! किनारे दोन, भाषा दोन, समजूत मात्र एक.

बाजारात मासा मिळाला असता. पण मित्राचा आग्रह ताज्याचा. शनिवारी रात्री आम्ही तिरुवान्मियूरच्या वाळूवर गेलो. जाड नायलॉनची दोरी, शिशाचे वजन आणि गळाजवळ हातभर पोलादी तार; कारण मोरीच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही. कमरेइतक्या पाण्यात शिरून तो तारलीचे आमिष लावलेला गळ दूर भिरकावी. मग दोरी बोटावर घेऊन बसायचे. पहाटे तीनच्या सुमारास असा हिसका बसला की माझा तळवा कापला गेला. दोघांनी ओढून दोन हात लांबीची मादी वाळूवर आणली.

मित्राने तिथेच पोट चिरले आणि तो थबकला. आत चार पिले होती, पूर्ण घडलेली, नाळेने आईशी जोडलेली. दोन हालत होती. ती त्याने ओंजळीतून पाण्यात सोडली. जगली की नाही, देव जाणे. परतताना आम्ही दोघेही बोललो नाही.

त्याच्या आईने मासा उकडून, कुसकरून, लसूण-कांद्यावर परतून पाठविला. चार दिवसांत दूध आले. माशामुळे, की परमुलखात आपले कोणी आहे या धीरामुळे, हे मी सांगू शकत नाही. पिलांची हकीकत मात्र मी पत्नीला कधी सांगितली नाही. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिच्यासमोर प्रथमच सांगतो आहे.

पुढे वाचनातून कळले की, इतर बहुतेक मासे हजारो, लाखो अंडी घालतात. ही मोरी सुमारे वर्षभर गर्भ वाहते आणि एका वेळी एक ते आठच पिले देते. एकदा संख्या घटली की भरून येण्यास फार काळ लागतो. २००१ साली मोरी-पाकटांच्या दहा जातींना कायद्याचे संरक्षण मिळाले; त्यांत ही नव्हती. त्या रात्रीनंतर आम्ही दोघांनी मोरीसाठी गळ टाकला नाही.

माझ्या मुलीला तो मित्र आजही भाची म्हणतो. ते नाते आम्हांला एका आईच्या मोलाने मिळाले, याची जाणीव मला आहे.