एक पेटी, अठरा तारा

एकाच पोटाला दोन माना असलेली गिटार पाहिली आहे का? एका मानेवर सहा तारा, दुसरीवर बारा. बारा तारा जोडीनं बसवतात. खर्जाकडच्या चार जोड्यांत एक तार नेहमीची आणि दुसरी सप्तकभर वर लावलेली. उरलेल्या दोन जोड्या एकाच स्वरात. म्हणून आवाज असा भरगच्च येतो.

लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९७१ सालच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात वेगवेगळ्या गिटारी वाजल्या. मंचावर मधेच वाद्य बदलायला सवड कुठली? म्हणून बँडचे गिटारवादक जिमी पेज यांनी गिब्सन कंपनीची दुहेरी गिटार गळ्यात अडकवली. ती इलेक्ट्रिक होती.

अकूस्टिक प्रकाराची गंमत वेगळीच. दोन्ही माना एकाच पोकळ पेटीवर असतील, तर सहा तारा छेडताच शेजारच्या बारा आपसूक गुणगुणू लागतात, सतारीच्या तरफांसारख्या. कधी ही आस हवीहवीशी वाटते, कधी गोंगाट होतो. मग मोकळ्या तारांवर मनगटाची कड टेकवायची किंवा कापडाची पट्टी गुंडाळायची.

बारा तारांचा ताण मोठा, त्यामुळे काही वादक त्या एक स्वर खाली लावतात. वाद्य बोजड असतं. तेव्हा विकत घेण्याआधी उभं राहून, पट्टा खांद्यावर घेऊन दोन-तीन गाणी सलग वाजवून पाहाच.